कॅमेऱ्याआधी बॅक बघा

प्रश्न : ताई, चिपळूणजवळच्या शाळेत चित्रकला शिकवत होतो, आता निवृत्त झालोय. आग्फाच्या क्लिक थ्री कॅमेऱ्यावर फोटो काढायला शिकलो, पुढे ३५ मिमी वापरला. आता आमच्या भागातली जुनी देवळं, दीपमाळा आणि जलदुर्ग १२० च्या रुंद रोलवर, ६×९ सेंमीच्या फ्रेममध्ये टिपायचे आहेत. सुरुवात संगमेश्वरजवळच्या कसब्याच्या कर्णेश्वर मंदिरापासून करणार. पुतण्या न्यू जर्सीत असतो, दिवाळीत येतोय. घडीचे जुने प्रेस कॅमेरे तिकडे बऱ्यापैकी मिळतात म्हणतो. त्याने सेंच्युरी ग्राफिक, स्पीड ग्राफिक, बुश प्रेसमन आणि हॉर्समन अशी यादी पाठवली आहे. यातला कोणता घ्यावा? भिंगं कोणती आणि किती? पैसे पेन्शनमधून जाणार आहेत, हे लक्षात घेऊन सांगा.

उत्तर : सर, निकाल आधी सांगते, कारणं मागाहून. सेंच्युरी ग्राफिक घ्या, पण ग्राफलॉक बॅक असलेलाच. (बॅक म्हणजे फिल्म बसते ती कॅमेऱ्याची मागची बाजू.) त्याच्यासोबत लिव्हरने फिल्म पुढे सरकवायचा रोल होल्डर घ्या. भिंग सध्या एकच, १०१ मिमीचं. दुसरं वर्षभर काम केल्यावर.

पुतण्याने पाठवलेली सगळी नावं बॉडीची आहेत. या जातीच्या कॅमेऱ्यात पुढे भिंग, मागे फिल्म आणि मधे बेलोज, म्हणजे घडीचा भाता. भिंग काय दाखवतं आणि फिल्म किती सपाट राहते, यावर फोटो ठरतो. मुंबईच्या बोरा बाजारात कॅमेरा दुरुस्तीच्या टेबलावर माझी हयात गेली. तिथे अशा कॅमेऱ्यांची तक्रार घेऊन येणारी माणसं बहुतेक वेळा मागची बाजू न बघता खरेदी करून आलेली असत. म्हणून मी मागूनच सुरुवात करते.

रोचेस्टरच्या ग्राफ्लेक्स कंपनीने ग्राफलॉक बॅक १९४९ मध्ये आणली. त्याआधी स्प्रिंग बॅक असायची. ग्राउंड ग्लास, म्हणजे चित्र बघायची खरखरीत काच, स्प्रिंगवर उचलायची आणि तिच्याखाली शीट फिल्मचा, म्हणजे सुट्या तुकड्याच्या फिल्मचा, पातळ होल्डर सरकवायचा. रोलचा जाडजूड होल्डर तिथे शिरतच नाही. (एक अपवाद आहे, तो शेवटच्या प्रश्नात येतोय.) आणि सव्वादोन बाय सव्वातीन इंची शीट फिल्म आज मिळवायची म्हणजे द्राविडी प्राणायाम. ग्राफलॉकमध्ये ग्राउंड ग्लासची चौकट अख्खी निघून येते, तिथे रोल होल्डर बसतो आणि समोरासमोरच्या दोन सरकत्या पट्ट्या त्याला आवळून धरतात. पुतण्याला सांगा, विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा फोटो आधी मागव. त्या दोन पट्ट्या दिसल्या तरच पुढची बोलणी.

होल्डरवर आरएच ८, आरएच १० किंवा आरएच १२ असं लिहिलेलं असतं. आकडा म्हणजे १२० च्या रोलवर निघणारे फोटो. ६×९ चे आठ, ६×७ चे दहा, ६×६ चे बारा. त्याहून जुन्या होल्डरांना गोल बटण फिरवून फिल्म सरकवावी लागते. ते दिसायला दणकट असतात, पण फिल्मच्या वाटेत रोलर नसल्याने ती मधे फुगते. मग भिंग पूर्ण उघडून काढलेल्या फोटोत एक बाजू धारदार येते आणि दुसरी मऊ, आणि माणूस भिंगाला बोल लावत बसतो. लिव्हरवाल्या नंतरच्या होल्डरात रोलर आहेत, फिल्म ताणलेली राहते. आणखी एक बघायचं. होल्डरचं बाहेरचं कवच आणि आतला सांगाडा एकाच जोडीचे हवेत. बाजारात फिरता फिरता यांची अदलाबदल होते आणि मग फ्रेमांमधलं अंतर बिघडतं. जुन्या गोल बटणवाल्यांमध्ये तर कंपनीच्या आरशाच्या एसएलआर कॅमेऱ्यांसाठी केलेलेही होल्डर आहेत. ते तुमच्या बॅकवर बसणार नाहीत.

तुम्ही ६×९ म्हणालात. माझा आग्रह आरएच १० चा, म्हणजे ६×७ चा आहे. दोन कारणं. पहिलं, तुमचा एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायचं यंत्र. आपल्याकडच्या स्टुडिओंतून आणि शाळांतून मिळणारे बरेच एन्लार्जर ६×६ पर्यंतच जातात. ६×९ साठी मोठं डोकं आणि १०५ मिमीच्या आसपासचं एन्लार्जिंग भिंग लागतं. ६×७ ला ८० ते ९० मिमीवर भागतं, अर्थात निगेटिव्ह कॅरिअर तेवढा मोठा हवा. स्कॅन करून प्रिंट काढणार असाल तर हा मुद्दा बाद. दुसरं कारण देवळांचं आहे, त्याकडे भिंगाच्या वेळी येते. ६×९ च्या फ्रेमचं क्षेत्रफळ ३५ मिमीच्या सुमारे साडेपाच पट असतं, हे खरं. ६×७ मध्येही ते साडेचार पट पडतं, आणि दगडावरचं कोरीवकाम दिसायला तेवढं पुष्कळ आहे.

आता बॉडी. स्पीड ग्राफिकमध्ये भिंगातल्या शटरखेरीज फिल्मच्या अगदी पुढे कापडी पडद्याचं दुसरं शटर आहे, एक हजारांश सेकंदापर्यंत जाणारं. शटर नसलेली जुनी भिंगं वापरणाऱ्याला त्याचं मोल आहे. तुम्हाला काडीचा उपयोग नाही. उलट कोकणच्या दमट हवेत तो रबर लावलेला पडदा चिकटतो, त्याला भेगा जातात, आणि तो बदलून देणारा कारागीर शोधणं वेगळंच. शिवाय त्या पडद्यामुळे बॉडी जाड होते आणि ६५ मिमीसारख्या वाइड भिंगाला मागे जायला जागा अपुरी पडते. क्राउन ग्राफिक तुमच्या यादीत नाही, पण पुतण्याला तो नक्की दिसेल. पडदा नसल्याने क्राउन पातळ आहे आणि उत्तमही आहे, फक्त बॉडी लाकडाची, वरून चामडं. सेंच्युरी ग्राफिक जवळपास तोच कॅमेरा, पण कडक प्लास्टिकच्या साच्यातून काढलेला. अमेरिकेत तो स्वस्तातला म्हणून ओळखला जायचा. चिपळूणच्या चार महिन्यांच्या पावसात मात्र तेच प्लास्टिक फुगत नाही, त्याला कीड लागत नाही. तुमच्या गावासाठी मला तो त्याच्या महाग भावंडांपेक्षा बरा वाटतो.

बुश प्रेसमनचं छोटं मॉडेल सी पूर्ण धातूचं आणि देखणं आहे, पण त्याला ग्राफलॉक नाही. सोडून द्या. जपानी हॉर्समनमध्ये व्हीएच आणि रेंजफाइंडर (अंतर जुळवून फोकस करायची खिडकी) असलेला व्हीएच-आर हे माझ्या मते या आकारातले सर्वांत नेमके कॅमेरे. पुढची बाजू वळते, झुकते, मागची बाजूही हलते, बॅक आडवी-उभी फिरते. पण किंमत बरीच वर जाते, आणि रेंजफाइंडर वापरायचा तर प्रत्येक भिंगाला त्याचा वेगळा कॅम, म्हणजे जोडणीचा वळणदार तुकडा, लागतो. कॅम हरवलेली भिंगं बाजारात खूप आहेत. पेन्शन सांभाळायची असेल तर यात पडू नका.

भिंगांचं बोलायचं तर ६×९ च्या फ्रेमचा कर्ण साधारण १०१ मिमी, म्हणूनच १०१ मिमी हे या कॅमेऱ्यांचं नॉर्मल भिंग. सेंच्युरीवर तीन-चार नावं दिसतील. कोडॅकचं एक्टार १०१ मिमी एफ ४.५ (एफचा आकडा वाढतो तसं भिंगाचं छिद्र लहान होतं), व्होलेन्सॅकने ग्राफ्लेक्ससाठी केलेलं ऑप्टार १०१ मिमी एफ ४.५, आणि १०३ मिमीची ट्रायऑप्टार आणि ग्राफ्टार. शेवटची दोन तीन काचांची आहेत. मधला भाग छान, कडा एफ ११ च्या पुढे गेल्याशिवाय सुधारत नाहीत. चेहरे काढायचे असते तर मी तीच सुचवली असती. शिल्पपट काढायचे आहेत, तेव्हा चार काचांचं एक्टार. ऑप्टारही चांगलं निघतं, पण मी जी उघडून बघितली त्यांच्यात एकसारखेपणा नव्हता. एक्टारच्या नंबरावरून वर्ष कळतं. सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं असतात आणि त्यांची किल्ली ‘कॅमेरॉसिटी’ या दहा अक्षरी शब्दात आहे. सी म्हणजे १, ए २, एम ३, ई ४, आर ५, ओ ६, एस ७, आय ८, टी ९, वाय ०. ‘ई एस’ असेल तर भिंग १९४७ चं. पुढच्या कडीवर वर्तुळातलं ‘एल’ शोधायला सांगा, ती कोटिंगची, म्हणजे काचेवरच्या चकाकी रोखणाऱ्या थराची, खूण. देवळाच्या अंधाऱ्या गाभाऱ्यातून बाहेरच्या उन्हाकडे बघून फोटो काढताना कोटिंग असलेलं आणि नसलेलं भिंग यातला फरक निगेटिव्हवर उघड दिसतो.

देवळांचा मुद्दा आता. दीपमाळेसमोर उभं राहून कॅमेरा वर केला की दीपमाळ मागे कलंडल्यासारखी येते. प्रेस कॅमेऱ्यात कॅमेरा सरळच ठेवायचा, स्पिरिट लेव्हलने मागची बाजू उभी आहे याची खात्री करायची आणि भिंग धरणाऱ्या उभ्या फळीचे स्क्रू सैल करून भिंगच वर सरकवायचं. ग्राउंड ग्लासवरचं उलटं चित्रही वर सरकतं, दीपमाळेचा माथा फ्रेममध्ये येतो आणि खांब ओळंब्यात राहतो. तुमच्या कामात या एका हालचालीसाठी हा कॅमेरा घ्यायचा, बाकी सगळं त्यामागून. पण भिंग वर सरकतं तेव्हा त्याचं प्रकाशाचं वर्तुळही सरकतं. एक्टारचं वर्तुळ ६×९ ला जेमतेम पुरतं. जास्त सरकवलंत की आभाळाचे कोपरे काळे. ६×७ च्या फ्रेमला तेच वर्तुळ सैल पडतं आणि थोडी जास्त मुभा मिळते. हे ते दुसरं कारण. फोटो घेण्याआधी भिंग एफ १६ किंवा २२ ला बंद करा, डोक्यावर काळं कापड घ्या आणि ग्राउंड ग्लासचे चारही कोपरे नीट बघा. कोपरा काळवंडला असेल तर भिंग थोडं खाली घ्या.

दुसरं भिंग म्हणजे ६५ मिमी, श्नायडरचं अँग्युलॉन एफ ६.८. ६×९ वर ते ३५ मिमीतल्या २८ मिमीसारखं दिसतं. मंडपात, किंवा प्राकाराची भिंत पाठीला लागते तिथे, त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. त्याला सरकायला मात्र फारशी मुभा नाही. सुपर अँग्युलॉन ६५ मिमी एफ ८ चं वर्तुळ खूप मोठं, वजनही तसंच. वाइड भिंग लावलं की भिंग जिच्यावर पुढे-मागे सरकतं ती आडवी फळी खाली पाडायची, नाहीतर तिची कड फोटोत शिरते. जलदुर्ग किनाऱ्यावरून काढायचे तर १८० मिमी उपयोगी पडेल, पण ते सर्वांत शेवटी घ्या. हर्णैच्या किनाऱ्यावरून सुवर्णदुर्ग १०१ मधून काढून बघा. पाणी आणि आकाश धरून तो मला तसाच आवडतो.

सेंच्युरीच्या बाजूचा कालार्ट रेंजफाइंडर एका वेळी एकाच भिंगाला जुळवलेला असतो. १०१ साठी तो ठेवा. ६५ लावलंत की ग्राउंड ग्लासवरच फोकस करायचं. ट्रायपॉड तुम्ही वापरणारच आहात, तेव्हा यात काही तोटा नाही.

पुतण्याने कॅमेरा हातात घेतल्यावर करायच्या तपासण्या. अंधाऱ्या खोलीत मागची चौकट काढून बेलोज पूर्ण ताणायचा, आत मोबाइलचा टॉर्च धरायचा आणि बाहेरून घड्यांचे कोपरे बघायचे. भोकं पहिल्यांदा तिथेच पडतात. एखादं-दुसरं असेल तर काळ्या लिक्विड रबराने बुजतं, कोपरेच झिजले असतील तर कॅमेरा परत. शटर एक सेकंदावर लावून ऐकायचं. आतल्या चाकांची किरकिर एकसंध हवी. मधे अडखळत असेल तर तेल वाळलेलं आहे, सफाई करावी लागेल, आणि ते काम किमतीतून वजा करून मागायचं. टॉर्च भिंगाच्या एका बाजूने तिरका मारून दुसऱ्या बाजूने बघायचं. धूळ चालेल, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर नको. ग्राउंड ग्लासची खरखरीत बाजू भिंगाकडे हवी. कोणीतरी पुसून उलटी बसवलेली असते, मग काचेवर फोकस बरोबर दिसतं आणि फिल्मवर चुकतं. शेवटी दूरची इमारत धरून आडव्या फळीवरच्या अनंताच्या खुणेशी भिंग टेकवायचं. ग्राउंड ग्लास आणि रेंजफाइंडर दोन्हीत ती एकाच वेळी स्पष्ट दिसली पाहिजे.

कॅमेऱ्यात फिल्म घालून विमानाने आणू नका म्हणावं. विमानतळांवरच्या नव्या सीटी स्कॅनरने न धुतलेली फिल्म खराब होते. १२० चे रोल मुंबईतच घ्या. आणि कॅमेरा आला की त्याची चामड्याची पेटी शोभेला ठेवा, आत कॅमेरा ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं आणि भिंगाला बुरशी लागते. हवाबंद डबा आणि भरपूर सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरा.

प्रश्न : पुण्यात पत्रकारिता शिकतेय. एवढे अवजड कॅमेरे घेऊन वार्ताहर बातमीचे फोटो कसे काढत? आपल्याकडे ते कोणी वापरले का?

उत्तर : वापरले ना. होमाई व्यारावाला यांचं नाव तुला माहीत असायलाच हवं. १९१३ मध्ये नवसारीत जन्म, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, १९४२ पासून दिल्लीत काम. त्यांच्या हातात रोलायफ्लेक्स असायचा आणि स्पीड ग्राफिकही. साडी नेसून, स्वतःचं सामान स्वतः वाहत त्यांनी स्वातंत्र्याच्या आसपासची दिल्ली टिपली. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, २०१२ मध्ये त्या गेल्या.

स्पीड ग्राफिक १९१२ मध्ये बाजारात आला. २३ फेब्रुवारी १९४५ चा जपानच्या इवो जिमा बेटावर ध्वज उभारणाऱ्या अमेरिकी सैनिकांचा, छायाचित्रकार जो रोझेंथाल यांनी काढलेला फोटो स्पीड ग्राफिकवरचाच. काम असं चाले. होल्डरच्या दोन बाजूंना मिळून दोन शीट. एका बाजूची डार्क स्लाइड, म्हणजे फिल्म झाकणारी पट्टी, उपसायची, शटर चढवायचं, फ्लॅशचा नवा बल्ब लावायचा, तारेच्या चौकटीतून बघून खटका दाबायचा. मग स्लाइड परत घालून, होल्डर उलटा करून पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि तापलेला बल्ब काढून दुसरा. अंतर नजरेने ठरवायचं, कारण बातमी थांबत नाही. त्यामुळे छायाचित्रकार आधी जागा निवडत, माणूस कुठून येणार याचा अंदाज बांधत आणि तो तिथे येईपर्यंत बोट खटक्यावर ठेवून थांबत. तुझ्या मोबाइलवर एक दिवस दोनच फोटो काढायचे असं ठरवून बातमीला जाऊन बघ. उभं कुठे राहायचं हे फार लवकर कळतं.

प्रश्न : वडिलांचा मिनिएचर स्पीड ग्राफिक नाशिकच्या घरी माळ्यावर मिळाला. बॅक स्प्रिंगची आहे, सोबत अ‍ॅडॅप्ट-अ-रोल ६२० लिहिलेला एक चपटा होल्डर. हा मोडीत काढून ग्राफलॉकवाला घ्यावा का?

उत्तर : मुळीच नको. वर म्हटलेला अपवाद हाच. हा होल्डर शीट होल्डरसारखा स्प्रिंग बॅकखाली सरकतो. अडचण फक्त रिळाची आहे. १२० आणि ६२० ची फिल्म सारखीच, पण ६२० चं रीळ बारीक असतं आणि त्याच्या चकत्या पातळ. ६२० चा रोल आता दुकानात मिळत नाही, म्हणून १२० चा रोल ६२० च्या रिळावर गुंडाळून घ्यायचा.

चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या बाह्यांच्या पिशवीत, १२० चा रोल एकदा दुसऱ्या रिळावर पूर्ण गुंडाळा, म्हणजे शेवट वर येईल, आणि मग तिथून ६२० च्या रिळावर उलट गुंडाळा, म्हणजे सुरुवात पुन्हा वर येईल. फिल्म ज्या बाजूला कागदाला चिकटवलेली असते तिथे दुसऱ्या फेरीत फुगा येतो. घाबरू नका. चिकटपट्टी अलगद सोडवा, फिल्म सपाट करा, पुन्हा चिकटवा. पहिल्यांदा खराब झालेल्या रोलवर, उजेडात, हाताला सवय होईपर्यंत करा.

पडद्याचं शटर सध्या विसरा, भिंगातलं चालत असेल तर तेवढं पुरे. आणि लॅबला रोल देताना पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा, ‘६२० चं रीळ परत द्या’. लॅबवाले सवयीने रिकामी रिळं टाकून देतात, आणि ती गेली की तुमचा होल्डर बंद पडेल.